विल्मिंग्टनला फक्त समुद्र बघायला जाऊ नका
नॉर्थ कॅरोलायनातल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आणि मराठी शाळांच्या शिक्षकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमांची आखणी करताना माझी एक मागणी विचारात घ्यावी, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना आपण शिवराय शिकवतो, टिळक-आगरकर शिकवतो, हल्ली फुले-आंबेडकरही शिकवतो. त्याच मुलांना या राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचा इतिहासही शिकवावा. त्यातली जी वृत्तपत्रं आजही तग धरून आहेत, त्यांची वर्गणी मंडळाने भरावी आणि आपल्या कार्यक्रमांच्या जाहिराती त्यांना द्याव्यात. मागणी एवढीच आहे. पण ती का करते आहे, हे नीट सांगायला हवं.

रॅले, कॅरी, मॉरिसव्हिल भागातली आपली बहुतेक कुटुंबं उन्हाळ्यात एकदा तरी राइट्सव्हिल बीचला जातात. आय-४० धरायचा आणि तो संपेपर्यंत जायचं. तो संपतो ते गाव विल्मिंग्टन. समुद्रावर जायच्या घाईत आपण ते गाव बाजूला टाकतो. पण लोकांनी निवडून दिलेलं शहराचं सरकार बंदुकीच्या धाकाने उलथवलं गेलं आणि ते तसंच उलथलेलं राहिलं, अशी अमेरिकेच्या इतिहासातली घटना म्हणून ज्या एका गावाकडे बोट दाखवलं जातं, ते हेच. आणि त्या दिवशी जमावाने पहिली झडप घातली ती एका वृत्तपत्राच्या कचेरीवर.

सुरुवात जरा मागून करते. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ निघालं. हे कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेलं अमेरिकेतलं पहिलं वृत्तपत्र. आमची बाजू आम्हीच मांडणार, फार काळ दुसरेच आमच्या वतीने बोलत आले, असं त्याच्या पहिल्याच अंकात म्हटलं होतं. या पत्राचा बॉस्टनमधला प्रतिनिधी होता डेव्हिड वॉकर, मूळचा विल्मिंग्टनचा. १८२९ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका छापली आणि ती बोटींवरच्या खलाशांमार्फत दक्षिणेत पोचवली. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने त्यावर दिलेलं उत्तर म्हणजे १८३० चा कायदा. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा ठरला. वाचणारा माणूस किती धोक्याचा असतो, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं.

त्यामुळे या राज्यात कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं निघायला यादवी युद्ध संपावं लागलं. १८७६ मध्ये एका कृष्णवर्णीय चर्चने ‘स्टार ऑफ झायन’ सुरू केलं. रॅलेत जेम्स यंग यांचं ‘गॅझेट’ होतं. हे यंग विधिमंडळाचे सदस्यही होते. अक्षरओळख गुन्हा असलेल्या राज्यात दोन पिढ्यांच्या आत स्वतःचे छापखाने उभे राहिले. आपल्याकडे सत्यशोधकांचं ‘दीनबंधु’ १८७७ चं, म्हणजे जवळपास त्याच काळातलं.

आता विल्मिंग्टन. १८९० च्या दशकात या बंदरात कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती. गवंडी, सुतार, न्हावी, वकील, अग्निशमन दलाचे जवान, नगरपालिकेतले सदस्य, सगळीकडे ते होते. त्या गावात अलेक्झांडर मॅन्ली हा तरुण आपल्या भावांबरोबर ‘डेली रेकॉर्ड’ काढत असे. जगातलं एकमेव निग्रो दैनिक, अशी ते स्वतःची ओळख करून देत. त्यांचं छपाईयंत्र जुनं होतं, तेही गावातल्याच ‘मेसेंजर’ या गोऱ्यांच्या दैनिकाच्या संपादकाकडून विकत घेतलेलं. अंकात असायचं काय? रस्ते सुधारा, सायकलींसाठी वाट करा, सरकारी रुग्णालयातल्या कृष्णवर्णीयांच्या विभागाची दैना थांबवा. कुठल्याही गावातलं बरं दैनिक ज्या गोष्टींसाठी हट्ट धरतं, त्याच या गोष्टी. गोरे दुकानदारही त्यात जाहिराती देत असत.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये विल्मिंग्टनच्या एका गोऱ्या दैनिकाने जॉर्जियातल्या रेबेका फेल्टन या बाईंचं वर्षभरापूर्वीचं भाषण छापलं. गोऱ्या स्त्रियांचं रक्षण करायचं तर गरज पडेल तेव्हा आठवड्याला हजार माणसं झाडाला लटकवा, असं त्या म्हणाल्या होत्या. १८ ऑगस्टच्या ‘रेकॉर्ड’मध्ये त्याला उत्तर आलं. बलात्कार म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं परस्परसंमतीचं असतं, आणि गोरे पुरुष कृष्णवर्णीय स्त्रियांशी पिढ्यानपिढ्या कसे वागत आले आहेत तेही एकदा बोला, असा त्या अग्रलेखाचा आशय होता. मॅन्ली स्वतः गोरा म्हणून सहज खपेल इतका उजळ होता. राज्याच्या एका माजी गव्हर्नरच्या घराण्याशी त्याचं रक्ताचं नातं होतं, असं सांगितलं जातं. कोण कोणाशी कसं वागलं, याचा पुरावा तो अंगावर घेऊनच वावरत होता.

या अग्रलेखाचं पुढे काय केलं गेलं, तेच मुलांना खरं शिकवायला हवं. रॅलेच्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’चा मालक-संपादक जोसेफस डॅनियल्स हा डेमोक्रॅटिक पक्षाचा कडवा माणूस, त्या काळी इथे गोऱ्या वर्चस्वाचा झेंडा त्या पक्षाच्या हाती होता. नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. गरीब गोरे शेतकरी आणि कृष्णवर्णीय मतदार यांनी मिळून राज्याची सत्ता आणली होती, ती युती फोडायची होती. मॅन्लीचा अग्रलेख डेमोक्रॅटिक वृत्तपत्रांनी काटछाट करून, मथळे चढवून निवडणुकीपर्यंत पुन्हा पुन्हा छापला. जोडीला पहिल्या पानावर व्यंगचित्रं: वटवाघळाच्या पंखांचा काळा राक्षस, त्याच्या नखांत गोऱ्या बायका. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंतही ती पोचली. जाहिरातदार ‘रेकॉर्ड’ सोडून गेले. घरमालकाने जागा खाली करायला लावली. मॅन्ली बंधूंनी यंत्र उचललं आणि सातव्या रस्त्यावरच्या ‘लव्ह अँड चॅरिटी हॉल’ या कृष्णवर्णीयांच्या सभागृहात नेऊन मांडलं.

८ नोव्हेंबरला दहशतीच्या छायेत मतदान झालं आणि डेमोक्रॅट जिंकले. पण नगरपालिकेची निवडणूक त्या दिवशी नव्हती, आणि वाट पाहायची त्यांची तयारी नव्हती. ९ तारखेला गोऱ्यांची सभा भरली. ‘रेकॉर्ड’ बंद झालाच पाहिजे, त्याचं यंत्र गावाबाहेर गेलंच पाहिजे, असा ठराव झाला. गावातल्या प्रतिष्ठित कृष्णवर्णीयांना बोलावून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आत उत्तर द्या, असं बजावलं गेलं. उत्तर नमतं घेणारंच होतं. पण हत्यारबंद गोऱ्यांनी भरलेल्या रस्त्यांतून ते पोचवायची हिंमत झाली नाही; ते टपालात टाकलं गेलं आणि वेळेत पोचलं नाही. माजी खासदार आल्फ्रेड वॉडेल याच्या मागे शेकडो बंदूकधारी सातव्या रस्त्यावर गेले. दार फोडलं, सामान रस्त्यावर फेकलं, इमारत पेटली. त्यानंतरचं एक छायाचित्र आहे, ते वर्गात जरूर दाखवा. वरचा मजला जळालेली लाकडी इमारत, आणि समोर कोट-टोप्या घातलेली माणसं हातात बंदुका घेऊन, फोटोसाठी व्यवस्थित ओळीत उभी. एकाच्याही चेहऱ्यावर लपण्याची घाई नाही.

मॅन्ली आधीच निसटला होता, म्हणून वाचला. दुपारपर्यंत गोळीबार वस्त्यांत पसरला. बायका-मुलं घेऊन माणसं दलदलीत आणि स्मशानात जाऊन लपली. किती मारले गेले ते कोणी मोजलंच नाही. अंदाज डझनभरापासून शेकड्यांपर्यंत जातात. संध्याकाळपर्यंत महापौर आणि नगरपालिकेच्या सदस्यांचे राजीनामे लिहून घेतले गेले आणि वॉडेल स्वतः महापौर झाला. कोणालाही शिक्षा झाली नाही. दोन वर्षांत राज्यघटना दुरुस्त करून मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा आणि मतपट्टी, म्हणजे मत द्यायचं तर भरावा लागणारा कर, आणली गेली, आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार साठ-पासष्ट वर्षांसाठी जवळपास संपला. डॅनियल्स पुढे अमेरिकेचा नौदलमंत्री झाला. मॅन्लीने पुढचं आयुष्य फिलाडेल्फियात रंगारीकाम करून काढलं.

या प्रकाराला शंभर वर्षं ‘दंगल’ म्हणत आले. ज्यांनी गाव जिंकलं त्यांच्याच हाती छापखाने होते, त्यामुळे हकीकतही त्यांचीच टिकली. राज्याने २००० मध्ये चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल २००६ मध्ये आला. त्याच वर्षी ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने विशेष पुरवणी काढून आपल्या जुन्या मालकाने काय केलं ते मांडलं. रॅलेतला त्याचा पुतळा २०२० च्या जूनमध्ये त्याच्या वंशजांनीच काढून नेला. त्याच महिन्यात त्याच्या नावाची शाळाही ओबर्लिन मिडल स्कूल झाली. आपल्यातली काही मुलं तिथे शिकत असतील. जुनं नाव का गेलं, हे त्यांना घरात कोणी सांगितलं असेल का?

‘डेली रेकॉर्ड’चे अंक बराच काळ कोणाच्या पाहण्यात नव्हते. विल्मिंग्टनमधल्या काही लेखक-संशोधकांनी गावातल्या शाळकरी मुलांना हाताशी धरून शोध घेतला आणि उरलेले सात अंक एकत्र आणले. ते आता राज्याच्या ‘डिजिटल एनसी’ या संग्रहात कोणालाही घरबसल्या, फुकट वाचता येतात. रोज निघणारं दैनिक, आणि उरले सात अंक. मुलांनी पानं वाचून काढली, अस्पष्ट अक्षरं लावली. आपल्या शाळेतल्या मुलांच्याच वयाची ती मुलं. म्हणून म्हणते, ‘हा विषय मुलांना झेपणार नाही’ ही सबब मला पटत नाही.

इतकं झाल्यावरही या राज्यात कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं निघतच राहिली. १८९८ मध्येच जन्मलेला लुई ऑस्टिन हा त्यातला माझा सर्वांत आवडता माणूस. १९२७ मध्ये त्याने डरहॅममधलं एक लहानसं साप्ताहिक कर्ज काढून घेतलं. ‘कॅरोलायना टाइम्स’ या नावाने ते गाजलं. अंकावर ब्रीद असे: सत्य, बेलगाम. १९३३ मध्ये थॉमस होकट या तरुणाला चॅपल हिलच्या विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकायचं होतं. त्याने अर्ज करावा, नाकारला तर कोर्टात जावं, यासाठी ऑस्टिन आणि दोन तरुण वकील त्याच्या पाठीशी उभे राहिले. खटला हरला, कारण ज्या कृष्णवर्णीय महाविद्यालयात होकट शिकला होता, तिथल्याच प्रमुखांनी त्याची गुणपत्रिका द्यायला नकार दिला. त्यांना सरकारी अनुदानाची काळजी होती. भीती माणसाला आपल्याच माणसाच्या आड कशी उभी करते, ते इथे दिसतं. त्या विद्यापीठाचं दार पुढे कोर्टाच्या आदेशानेच उघडलं, १९५१ मध्ये विधी महाविद्यालयाचं आणि १९५५ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. आज तिथे आपली मुलं शिकतात, आणि त्यांच्या पदवीदानाचे फोटो मंडळाच्या अंकात छापून येतात.

‘कॅरोलायना टाइम्स’चे जुने अंकही त्याच संग्रहात आहेत. एकदा वाचायला घेतले की हातातून सुटत नाहीत. एका पानावर बसमधल्या मारहाणीची बातमी, शेजारी चर्चच्या जेवणाची. कोणाचं लग्न ठरलं, कोण सैन्यातून सुटीवर आलं, कोणाची मुलगी शिक्षिका झाली. गोऱ्यांच्या दैनिकांत कृष्णवर्णीय माणूस यायचा तो बहुधा आरोपी म्हणून. इथे तो नवरदेव आहे, खेळाडू आहे, ग्रंथपाल आहे. अन्यायाच्या बातम्यांइतकीच मला ही बारीक बारीक वार्तापत्रं मोलाची वाटतात. अख्खा समाज रोजचं आयुष्य कसा जगत होता, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. ऑस्टिन १९७१ मध्ये गेला. मुलीने आणि मग नातवाने पत्र चालवलं. २०२० मध्ये ते बंद पडलं.

विल्मिंग्टनमध्येही राखेतून पुन्हा छापखाना उभा राहिला. जर्वे कुटुंबाने १९२७ मध्ये ‘केप फिअर जर्नल’ काढलं, तेच १९४५ पासून ‘विल्मिंग्टन जर्नल’. १९७३ च्या मे महिन्यात त्याच्या कचेरीत एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने स्फोट घडवला. त्यांनी अंक काढायचं सोडलं नाही. त्याआधी, गावातल्या १९७१ च्या वांशिक तणावात एक दुकान जाळल्याच्या आरोपावरून दहा जणांना मिळून २८२ वर्षांच्या शिक्षा झाल्या होत्या. नऊ कृष्णवर्णीय पुरुष आणि एक गोरी स्त्री. १९८० मध्ये वरच्या कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या, तरी नावावरचा डाग राहिलाच. ‘जर्नल’च्या संपादक मेरी अ‍ॅलिस थॅच आणि देशभरातल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांच्या संघटनेने मोहीम उघडली. सरकारी वकिलाची ज्युरी निवडतानाची हाताने लिहिलेली टिपणं बाहेर आली. त्यात नावांपुढे ‘केकेके (म्हणजे कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची दहशतवादी संघटना), चांगला’ अशा अर्थाचे शेरे होते. ३१ डिसेंबर २०१२ रोजी गव्हर्नर बेव्ह पर्ड्यू यांनी दहाही जणांना निर्दोष ठरवून माफी दिली. तोवर त्यांतले काही जण वारले होते. चाळीस वर्षं जुनं प्रकरण कोणत्या वृत्तपत्राने सोडलं नाही, ते पाहा.

आता ‘यात आपला काय संबंध’ या प्रश्नाकडे येते, कारण बैठकीत तो विचारला जाणार.

पहिलं म्हणजे आपण इथे आहोत ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याआधी भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना यायची मुभा होती. वंश आणि देश बघून कोटा ठरवायची पद्धत मोडली ती नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात, मताधिकाराचा कायदा झाला त्याच वर्षी. त्या चळवळीचा आवाज तीस-तीस वर्षं आधीपासून या वृत्तपत्रांनी जिवंत ठेवला होता. आपल्या व्हिसाचा इतिहास त्यांच्या पानांतून जातो.

दुसरं, हा धागा आपल्याकडूनही जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना गुलामीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांत साम्य असल्याचं कळवलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबा होते: ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ त्याची साधी जाहिरात, पैसे देऊ केले तरी, ‘केसरी’ने छापली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे नोंदवलं. हे वाचलेल्या मराठी माणसाला डरहॅमच्या ऑस्टिनचं ब्रीद परकं वाटायचं कारण नाही.

तिसरं बोलायला अवघड आहे, तरी बोलते. घर घेताना ‘ती वस्ती नको’, शाळा निवडताना ‘तिथली मुलं तशी असतात’, हे आपल्या दिवाणखान्यांत सर्रास बोललं जातं आणि मुलं ते ऐकत असतात. डरहॅमच्या एखाद्या भागाचं नाव काढलं की आवाज खाली जातो. हे आपण इकडे येऊन चटकन शिकलो, आणि काही बाबतींत तिकडूनच घेऊन आलो. मंडळाचं व्यासपीठ राजकारणापासून दूर ठेवावं, हा नियम मला मान्य आहे. पण १८९८ ला सव्वाशे वर्षं झाली, राज्याने स्वतः आयोग नेमून ते मान्य केलं. ते मुलांना सांगणं राजकारण ठरत असेल, तर मग अफजलखानाचा वध तरी कशात मोडतो?

म्हणून पुन्हा मागणीकडे. मोठ्या वर्गाला वर्षातले दोन रविवार या विषयासाठी द्या. ‘डेली रेकॉर्ड’चं एक पान आणि ‘मूकनायक’चं एक पान शेजारी शेजारी ठेवून मुलांना वाचायला सांगा. मराठी शाळेत यापेक्षा चांगला भाषेचा तास होणार नाही, कारण एक पान त्यांना समजावून सांगावं लागेल आणि दुसरं ती तुम्हाला समजावतील. उन्हाळ्यातली सहल विल्मिंग्टनला नेणार असाल, तर समुद्रावर जायच्या आधी तासभर थर्ड स्ट्रीटच्या उत्तर टोकाला थांबा. तिथे १८९८ चं स्मारक आहे, उंचच उंच ब्राँझच्या सहा वल्ह्यांचं.

रॅलेचं ‘कॅरोलिनियन’ जर्वे कुटुंबातल्याच एकाने १९४० मध्ये सुरू केलं. शार्लटचं ‘पोस्ट’ आणि ग्रीन्सबरोचं ‘पीसमेकर’ही जुनी पत्रं आहेत. यांची वर्गणी भरा. गणेशोत्सवाची आणि दिवाळी पहाटेची जाहिरात आपण फक्त देसी दुकानांच्या काचेवर आणि आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांत लावतो. ती यांच्या पानावर येऊ द्या आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलवा. छोट्या वृत्तपत्राला एका पानाची जाहिरात किती उपयोगी पडते, हे आपल्याकडे दिवाळी अंक काढणाऱ्या कोणालाही विचारा.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे घ्यावं, ही विनंती. दोन रविवारांसाठी लागणारी पानं निवडून, त्यांच्या प्रती काढून, कठीण शब्दांचे अर्थ मराठीत लिहून द्यायची जबाबदारी माझी. पहिल्या वर्गाला कोणी शिक्षक मिळाला नाही, तर तो वर्गही मीच घेईन.

कळावे,
आपली,
मराठी शाळेतली एक पालक
मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना